सातवी बॅच

६ जानेवारी

दादा,

अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असं समजू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. आई तुझ्याच घरात असते, त्यामुळे तिची खबर तुला माझ्याआधी असणार. आणि हे पत्र तुझ्याआधी वहिनी वाचणार हे धरूनच लिहितेय. वहिनी, नमस्कार. वाचून झालं की त्याच्या हातात द्या, रद्दीत टाकू नका.

बातमी चांगली आहे. आमचा दुखणं थांबवणारा जेल माणसांपर्यंत पोचतोय. मार्चमध्ये परवानगी समिती बसेल आणि उन्हाळ्यात पहिल्या रुग्णाला तो दिला जाईल. मला शंका नाही. एकशे चाळीस कृती फसल्या, एकशे एकेचाळिसावी जमली. फ्रीजमध्ये पाण्यासारखा पातळ, सुईतून अलगद जातो. अंगाची ऊब लागली की घट्ट होऊन जागच्या जागी बसतो. त्यात कोंडलेलं बधिर करणारं औषध तीन दिवस थोडं थोडं सुटत राहतं आणि महिन्याभरात जेलही विरघळून जातो. गुडघा किंवा खुबा बदललेल्या माणसाचे पहिले तीन दिवस कसे जातात ते तू बघितलंयस. आईच्या खुब्याच्या वेळी तू सकाळी जायचास, मी संध्याकाळी. चुकूनही गाठ पडू नये म्हणून तू जिन्याने आणि मी लिफ्टने. आई कळवळायची ती मात्र दोघांसमोर सारखीच.

हे सगळं सुरू कुणामुळे झालं ते मी प्रत्येक भाषणात सांगते, नाव न घेता. मी रंगाच्या कारखान्यात होते, भिंतीवरचा रंग सोलून निघू नये म्हणून रसायनं ढवळत. एका शनिवारी तुझ्या दवाखान्यात येऊन बसले होते. तू एका कुत्रीचं पोट शिवत होतास. मालकाने विचारलं, टाके काढायला कधी आणू? तू म्हणालास, काढायचे नाहीत, आतल्या आत विरघळतात. मी त्या दोऱ्याचा तुकडा मागून घेतला आणि घरी कोमट पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवला. रोज बघायचे. दोन महिन्यांनी पेल्यात नुसतं पाणी होतं. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला, तू सोडून. तू फक्त विचारलंस, "अभ्यासाला टेबल आहे का?" आणि स्वतःचं टेबल रिकामं करून दिलंस.

असो. आता कामाचं. समितीच्या फाइलमध्ये मेंढ्यांवरच्या त्या चाचणीचे मूळ कागद लागतात. तुझी नोंदवही चौकशीच्या वेळी सापडली नव्हती. तेव्हा "वही हरवली आहे" असं एका ओळीचं, तुझ्या सहीचं पत्र दिलंस तरी माझं भागेल. तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे. तुला त्रास नको.

तुझी,
धाकटी


२९ जानेवारी

दादा,

उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या मागच्या बाजूला सात शब्द. "वही माझ्याकडे आहे. तुला नक्की काय हवंय?"

मला फाइल पूर्ण करायची आहे, दुसरं काय? आमच्याकडे एक बाई आहेत, तयार झालेल्या प्रत्येक मालाची तपासणी करणाऱ्या. आम्ही त्यांना मागे मोजणीबाई म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतं. गेल्या सोमवारी त्या फाइल घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"मॅडम, सहाव्या बॅचचा रिपोर्ट आहे, आठवीचा आहे. सातवीचा नाही."

"त्या आठवड्यात यंत्र बंद होतं."

"बरं. मग नंतर केला असेल."

"नाही केला."

"अकरा वर्षांत?"

"राहून गेलं."

"नमुना आहे मात्र. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, खालच्या खणात. मी बघून आलेय. सीलसुद्धा शाबूत आहे."

मग मी काय म्हणणार? म्हटलं, करा चाचणी. त्या करताहेत. काही निघणार नाही.

तू बोलतोस कुठे, त्यामुळे वहिनींना त्या दिवसाचं अर्धंच कळलं असणार. वहिनी, झालं ते असं. दादा तेव्हा नोकरीला होता त्या संशोधन केंद्रात नऊ मेंढ्या होत्या. सोमवार-मंगळवारी सहा मेंढ्यांना जेल टोचला, तो सहाव्या बॅचमधला. सहाही मजेत. गुरुवारी उरलेल्या तिघींना सातव्या बॅचमधला टोचला आणि तिघीही हृदय बंद पडून त्याच दुपारी मेल्या. चौकशी समितीने म्हटलं, औषध तेच, कळप तोच, तेव्हा हात चुकला. औषध पायाच्या मज्जातंतूजवळ पडायचं ते थेट रक्तवाहिनीत गेलं. दादा म्हणाला, "एक सुई चुकेल, तीन कशा चुकतील?" अध्यक्ष म्हणाले, "दमलेला हात तीनदाही चुकतो." त्याच्या नोंदीत "निष्काळजीपणा" हा शेरा बसला आणि त्याला काढलं.

हे समितीने ठरवलं, मी नाही. मला जेवढं विचारलं तेवढ्याची मी उत्तरं दिली.

आईचा काल फोन होता. तिने तुझ्याबद्दल माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून पाऊण तास ती "इथले एकजण" ह्यांच्याबद्दल बोलली. इथल्या एकजणांचा खांदा दुखतोय म्हणे. शेक घे.

धाकटी


१७ फेब्रुवारी

दादा,

रिपोर्ट आला. सातव्या बॅचमधल्या साखळ्या निम्म्या लांबीच्या आहेत.

तुला समजेल असं लिहिते. आमचा पदार्थ म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींत गुंततात म्हणून जेल घट्ट राहतो. पाण्याचा अंश राहिला तर साखळ्या तुटायला लागतात. म्हणून शेवटी माल दोन दिवस निर्वात भट्टीत वाळवायचा असतो. सातवी बॅच मी एका रात्रीत बाहेर काढली. तुमचा गोठा आम्हाला शुक्रवारपर्यंतच मिळाला होता आणि मला गुरुवार चुकवायचा नव्हता. हाताला कोरडी लागली, मी बाटल्या भरल्या.

मोजणीबाईंनी तो नमुना अंगाच्या उबेइतक्या पाण्यात टाकला. आम्ही दोघी स्टुलं ओढून समोर बसलो. अर्धा तास तो छान घट्ट दिसत होता, मलासुद्धा फसवेल इतका. मग कडा सुटल्या. चाळिसाव्या मिनिटाला त्यातलं बहुतेक सगळं औषध पाण्यात उतरलं होतं. तीन दिवसांचं औषध एकदम. मोजणीबाईंनी आकडा लिहिला, पेनचं टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

आता पहिल्या दोन पत्रांत जे लिहिलं नाही ते लिहिते.

समितीपुढे तू म्हणालास, "मेंढ्या चाळीस मिनिटं उभ्या होत्या. चारा खात होत्या. रक्तवाहिनीत गेलं असतं तर सुई निघायच्या आत कोसळल्या असत्या." अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही तिथेच होतात. किती वेळ गेला होता?"

मी म्हटलं, "नक्की सांगता येणार नाही."

मला नक्की सांगता येत होतं. पहिली मेंढी पडली तेव्हा तू गुडघ्यांवर बसून तिच्या छातीवर दाब देत होतास. तू ओरडलास, "वेळ लिही!" मी तुझी वही उचलली आणि लिहिली. तिघींच्याही वेळा मीच लिहिल्या. एकेचाळीस मिनिटं, अडतीस मिनिटं, त्रेचाळीस मिनिटं. माझं अक्षर, माझं हिरवं पेन.

मग त्यांनी विचारलं, "दोन्ही बॅचेस सारख्याच होत्या?" मी म्हटलं, "हो."

कारण सांगते, सबब म्हणून घेऊ नकोस. माझी प्रयोगशाळा तेव्हा चार माणसांची होती आणि जेमतेम वर्षाची. जेलवर ठपका आला असता तर ती बंद झाली असती. मी मनाशी म्हटलं, दादा गुरांचा डॉक्टर आहे, त्याला कुठेही काम मिळेल, पण हे काम बुडालं तर पुन्हा कुणी हातात घेणार नाही. अध्यक्षांचा प्रश्न आणि माझं उत्तर ह्यांच्यामध्ये जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी हा हिशेब केला. उरलेली अकरा वर्षं तो बरोबर होता असं स्वतःला पटवत राहिले. जेल खरोखरच चांगला निघाला ना, म्हणून पटवणं सोपं गेलं. फ्रीजरचा तो खण मात्र मी कधी उघडला नाही. कुणी उघडायला निघालं तर काहीतरी काम सांगून दुसरीकडे पाठवायचे.

मला ते एका ओळीचं पत्र का हवं होतं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. तू "हरवली" असं लिहिलं असतंस की प्रकरण कायमचं मिटलं असतं.

पण वही तुझ्याकडे आहे. म्हणजे तेव्हाही होती. समितीने मागितली तेव्हा तू सरळ त्यांच्याकडे बघत म्हणालास, "सापडत नाही." मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तुला वाचवणारा एकच कागद होता आणि तो तू स्वतः लपवलास. का, दादा?

वहिनी, हे पत्र तुम्ही आधी वाचलंत तर त्याला एकट्याला वाचू द्या. नंतर मला काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन.

धाकटी


५ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. ते येईपर्यंत थांबायचं असं मी ठरवलेलं नव्हतंच. काय केलं ते कळवते.

पहिल्यांदा संचालकांकडे गेले. त्यांच्या टेबलावर परवानगीचा अर्ज सहीसाठी तयार होता.

"हा मागे घ्यायचाय," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"अकरा वर्षांपूर्वीच्या तीन मेंढ्या, मॅडम. कोण विचारणार आहे?"

"मोजणीबाईंनी विचारलं."

"त्या आपल्याच आहेत."

"म्हणूनच. सर, उद्या असाच अर्धा वाळलेला माल एखाद्या माणसाच्या अंगात गेला तर? तो बाहेर जाण्याआधी पकडेल अशी एकही चाचणी आपल्या फाइलमध्ये नाही. नाही, कारण असा माल कधी झालाच नव्हता असं मी सांगत आले."

"तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"पाय माझाच आहे."

"वर्ष वाया जाईल."

"आठ महिने," मी म्हटलं. मला माझं काम येतं.

मग सगळ्यांना एकत्र बोलावलं. आता आम्ही बावीसजण आहोत. उभं राहून सांगितलं. काहींनी मान खाली घातली. एक नवी मुलगी रडली. मला रडायचा हक्क नव्हता, म्हणून मी पुढचं काम वाटून दिलं. यापुढे प्रत्येक बॅचमधला एक चमचा तासभर कोमट पाण्यात ठेवायचा आणि औषध किती सुटलं ते मोजल्याशिवाय एकही बाटली दाराबाहेर जाणार नाही. भट्टीच्या दाराला कुलूप, किल्ली मोजणीबाईंकडे. दोन दिवस म्हणजे दोन दिवस, मग मी आले तरी आणि संचालक आले तरी.

तिसरी गोष्ट. तुझ्या जुन्या केंद्राला आणि पशुवैद्यक परिषदेला पत्र पाठवलं. नक्कल सोबत आहे, पण मुख्य ओळी इथेही लिहिते. "मेंढ्यांचा मृत्यू माझ्या पदार्थातल्या दोषामुळे झाला. टोचणाऱ्याचा हात चुकला नव्हता. मेंढ्या किती वेळाने पडल्या हे मला माहीत होतं आणि चौकशीत मी ते सांगितलं नाही. ज्यांना दोषी ठरवलं ते माझे सख्खे भाऊ आहेत. माझ्यापाशी रिपोर्ट आहे. वही त्यांच्यापाशी आहे, ती दाखवायची की नाही हे तेच ठरवतील."

माझी चौकशी होईल. होऊ दे. खुर्ची मी आपण होऊन सोडणार नाही. काढली तर स्टुलावर बसून काम करेन. तू म्हणशील, एवढं करूनही हिची ऐट जात नाही. खरं आहे, जात नाही. ऐट नसती तर हा जेल झाला नसता. ती कुठे वापरायची ते मात्र अकरा वर्षं मला कळलं नाही.

धाकटी


२१ एप्रिल

दादा,

वही पोचली. सोबत चिठ्ठी नाही. शोधायला म्हणून मी पाकीट फाडून सरळसुद्धा केलं.

ते पान उघडलं. वर तुझ्या बारीक अक्षरात टोचल्याच्या वेळा आणि खाली माझ्या हिरव्या शाईत पडल्याच्या. माझं अक्षर इतकं वेडंवाकडं कधीच आलेलं नाही. पुढच्या पानावर त्याच संध्याकाळचं तुझं लिहिलेलं वाचलं. "जेल तपासायला हवा. धाकटीला विचारणे."

तू मला विचारलं होतंस. केंद्राच्या पायऱ्यांवर. मी म्हटलं होतं, "दादा, आत्ता नको."

रविवारी येतेय. ह्या वेळी मला शब्दांत उत्तर हवं आहे, मग ते शिव्यांत असलं तरी.

धाकटी


२७ एप्रिल

दादा,

काल आपलं जे बोलणं झालं ते लिहून ठेवते, कारण पुढे तू म्हणशील की मी असं बोललोच नाही. आपल्या दोघांच्या बाबतीत लिहून ठेवलेलं बरं हे आता सिद्धच झालंय.

मी आले तेव्हा तू मागच्या शेडमध्ये होतास, एका गाईचा सडलेला खूर कापत. तिचा मालक तोंडाशी दोर धरून उभा होता. तू माझ्याकडे बघितलंस, दाढी पांढरी झालीय तुझी, आणि म्हणालास, "हात धुऊन ये. पाय धर." चोपन्न वर्षांची, बावीस माणसांची प्रमुख मी, चांगल्या कपड्यांत अर्धा तास गाईचा पाय मांडीवर धरून बसले. तिने दोनदा झटका दिला. दुसऱ्या वेळी तू हसलास, ते मी बघितलंय.

मालक गेल्यावर मी विचारलं, "वही का लपवलीस?"

तू नळाखाली हात घासत होतास. बराच वेळ घासलेस.

"तुझं अक्षर होतं त्यात," तू म्हणालास. "तू 'सांगता येणार नाही' म्हणालीस आणि लगेच मी वही काढून ठेवली असती तर? सगळ्यांसमोर खोटी पडली असतीस."

"पडले असते. खोटीच होते."

"माझ्या हाताने नको होतं ते."

"म्हणून नोकरी घालवलीस?"

"नोकरी घालवायची म्हणून नाही लपवली, बाई. मला वाटलं तू स्वतः सांगशील. त्या संध्याकाळी वाटलं. मग आठवडाभर वाटलं. फोन वाजला की वाटायचं, तूच असशील. वर्ष झालं. मग मी वाट बघायचं सोडलं आणि तुला सोडलं."

तुझा नळ वाहतच होता, तो मी बंद केला.

"माफी मागायला आलीयस?" तू विचारलंस.

"हो."

"माग मग."

मी मागितली. ती कुठल्या शब्दांत मागितली ते इथे लिहीत नाही, ते तुझ्याजवळ राहू दे. तू टॉवेल खांद्यावर टाकलास आणि म्हणालास, "मी विसरलेलो नाही. विसरेन असं वाटतही नाही. पण आत ये, आई खिडकीतून बघतेय, मानेला उसण भरेल तिच्या."

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं मी 'इथले एकजण, तिथले एकजण' करत होते ते तुम्हा दोघांना तोंडं नव्हती म्हणून?" आणि वहिनींनी मला चहा दिला, साखर न घालता. मी तो तसाच प्यायले. दुसऱ्या कपात साखर होती. वहिनी, समजलं मला.

तुझा खांदा बघून घे. कुत्र्या-मांजरांना जे मलम लावतोस ते स्वतःला लावू नकोस.

धाकटी


२४ नोव्हेंबर

दादा,

आठ महिने म्हटलं होतं. पावणेनऊ लागले.

माझ्या चौकशीचा निकाल तुला आईकडून कळलाच असेल. दोन वर्षं माझी सही कुठल्याही अर्जावर चालणार नाही. तेव्हा परवानगीच्या अर्जावर प्रमुख म्हणून मोजणीबाईंनी सही केली. करण्याआधी त्यांनी मला चारशे पानं पुन्हा वाचायला लावली आणि तीन चुका काढल्या. दोन माझ्या होत्या. भांडायला मला आवडलं असतं, पण त्या बरोबर होत्या. "मृत्यू व त्यांची कारणं" ह्या पानावर तुझ्या वहीची दोन्ही पानं जोडली आहेत. समितीतल्या एका डॉक्टरने तेवढंच पान वाचून विचारलं, "हे कुणी शोधून काढलं?" मोजणीबाई म्हणाल्या, "मेंढ्यांच्या डॉक्टरांनी. अकरा वर्षांपूर्वीच. आम्हाला वेळ लागला."

मंगळवारी पहिल्या रुग्णाला जेल दिला. एकसष्ट वर्षांच्या बाई, बस चालवायच्या, क्लच दाबून दाबून गुडघा झिजलेला. मी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर होते, बाटली आत गेली तेवढी बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बघायला गेले तर त्या सर्जनना दरडावत होत्या, "दुखत कसं नाहीये? केलंय ना नक्की ऑपरेशन?" त्यांनी पांघरूण बाजूला करून टाके बघितले तेव्हाच त्यांचा विश्वास बसला. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन व्हरांड्यात गेल्या आणि समोरून येणाऱ्याला "बाजूला व्हा" म्हणाल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. मीही बाजूला झाले. त्यानंतर आणखी सातजणांना दिला. सातही ठीक आहेत. दादा, जेल चांगला आहे. हे मी आता कुणापासून काही न लपवता म्हणू शकते, आणि म्हणताना वेगळंच वाटतं.

तुझ्या जुन्या केंद्राच्या पत्राची नक्कल मलाही आली. शेरा खोडला आहे, दिलगिरी व्यक्त केली आहे आणि परत बोलावलं आहे. तू नाही म्हणालास हेही कळलं. आईने तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. "माझ्या गुरांना केंद्राच्या बिल्ल्यापेक्षा माझा आवाज ओळखीचा आहे." मी तुला समजावणार नव्हतेच.

आणि मग परवा तुझं पत्र. पूर्ण पान! वहिनींनी धाक दाखवून लिहून घेतलं की काय? आठ ओळी खांद्याच्या, दोन आईच्या आणि शेवटी, जणू सहजच, तो प्रश्न. ज्या गाईंच्या खुराचा अर्धा भाग कापावा लागतो त्या चार-चार दिवस पाय टेकत नाहीत, खात नाहीत, काही तर त्यातच खंगून जातात. त्यांच्यासाठी हा जेल करता येईल का?

तीनदा वाचला तो प्रश्न. मोजणीबाईंनाही वाचून दाखवला. त्यांनी तिथल्या तिथे गाईचं वजन विचारलं.

येईल. औषधाचं प्रमाण बदलावं लागेल, साखळ्या थोड्या लांब कराव्या लागतील, कारण तुझी गाय आमच्या बसवाल्या बाईंपेक्षा सहा-सातपट जड आहे आणि तितकीच कुणाचं ऐकत नाही. कागदपत्रं मोजणीबाई करतील. परवानगी मिळाली आणि बॅच तपासून झाली की कळवते, त्याआधी तारीख विचारू नकोस.

बाटली घेऊन मी स्वतः येईन. पाय मी धरते. सुई तू टोचायची.

तुझी,
धाकटी